विश्लेषण : लोकमान्यांच्या काळातले ‘दुसरे टिळक’ कोण होते? नगरच्या मिशनरी कवीने चर्चमध्येच स्वराज्य का मागितले?

२० ऑगस्ट १९१७ रोजी भारतमंत्री एडविन माँटेग्यू यांनी ब्रिटिश संसदेत एक निवेदन केले. भारतात टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती आणली जाईल, असे आश्वासन त्यात होते. त्याच वर्षी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, अमेरिकन मिशनमधील ५५ वर्षांच्या एका धर्मोपदेशकाने मिशनची नोकरी सोडली.

या दोन घटनांचा थेट संबंध नव्हता. प्रश्न मात्र एकच होता. निर्णय कोणी घ्यायचे? ज्यांच्यासाठी संस्था चालते त्यांनी, की जे पैसा देतात त्यांनी?

राजीनामा देणाऱ्या उपदेशकाचे नाव होते रेव्हरंड नारायण वामन टिळक. शाळेच्या पुस्तकातून त्यांची ओळख ‘फुलांमुलांचे कवी’ अशी होते. पारध्याच्या शिकारीने जखमी झालेल्या पक्षिणीवरची त्यांची कविता अनेक पिढ्यांनी पाठ केली. पण २० वर्षांहून अधिक काळ ते मिशनचे काम करत होते. भारत झपाट्याने बदलत असताना आपल्या धर्मसंस्थेनेही बदलले पाहिजे, यासाठी त्यांनी प्रयत्न केले. त्यांच्या आयुष्याचा हा भाग तुलनेने कमी लोकांना माहीत आहे.

कोण होते ना. वा. टिळक?

आधी एक गोंधळ दूर करू. हे लोकमान्य बाळ गंगाधर टिळक नव्हेत. दोघेही कोकणातल्या चित्पावन ब्राह्मण समाजातले आणि दोघेही एकाच काळातले. लोकमान्यांचा जन्म १८५६ चा, तर नारायणरावांचा १८६१ चा. त्यांचे जन्मगाव रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव.

आई जानकीबाई त्यांच्या लहानपणीच वारल्या. वडिलांशी त्यांचे फारसे जमले नाही. मुलगा घरातून बाहेर पडला आणि नाशिकला आला. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे शिक्षण घेतले. इंग्रजी शाळेत ते थोडाच काळ होते. १८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका यांच्याशी त्यांचे लग्न झाले. याच पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक.

लग्नानंतरची वर्षे भटकंतीची होती. शिक्षकी, कीर्तन, पुराण सांगणे, कविता, मासिकाचे संपादन असे बरेच काही त्यांनी केले. एका जागी ते टिकत नसत. नागपूरला अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले आणि ‘ऋषी’ नावाचे मासिक चालवले. जातिभेद मोडल्याशिवाय देश उभा राहणार नाही, हे मत याच काळात पक्के होत गेले.

ते ख्रिस्ती का झाले?

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी जाताना रेल्वेच्या डब्यात त्यांना एक युरोपीय प्रवासी भेटला. दोघांच्या गप्पा काव्यावरून धर्मावर गेल्या. उतरताना त्या प्रवाशाने त्यांना ‘नव्या करारा’ची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. 

टिळकांनी पुस्तक वाचायला घेतले. येशूचे डोंगरावरील प्रवचन वाचून ते भारावून गेले. मनातल्या शंका त्यांनी मिशनऱ्यांना पत्रांतून विचारल्या. मुंबईचे रेव्हरंड जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी त्यांचा संपर्क आला. हेच अ‍ॅबट पुढे महाराष्ट्रातील संतकवींचे इंग्रजी भाषांतरकार म्हणून ओळखले गेले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून न होता रेव्हरंड तुकाराम नथोजी या मराठी पाळकाच्या हातून झाला. टिळकांची तशीच इच्छा होती. धर्म स्वीकारला तरी तो परक्याकडून घेतला असे वाटू नये, ही त्यांची भूमिका पहिल्या दिवसापासून दिसते.

या निर्णयाची मोठी किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. बाप्तिस्म्याच्या निर्णयात त्यांचा सहभाग नव्हता. तो झाल्यावर पती-पत्नी जवळपास पाच वर्षे वेगळे राहिले. लहान मुलाला घेऊन लक्ष्मीबाई नातेवाइकांकडे दिवस काढत होत्या. पुढे त्या पतीकडे राहायला आल्या, तरी सुरुवातीला त्यांनी सोवळे सोडले नाही. स्वतंत्र स्वयंपाक, स्वतंत्र पाणी असे सगळे चालू होते. जातपात खोटी आहे, या निष्कर्षाला त्या स्वतःच्या विचाराने आल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

नगरमध्ये अमेरिकन मिशन कुठून आले?

टिळक बाप्तिस्म्यानंतर नगरला आले, ते अमेरिकन मराठी मिशनमुळे. हे मिशन चालवणारे ‘अमेरिकन बोर्ड’ १८१० मध्ये स्थापन झाले. त्याचे मुख्यालय बोस्टनला होते. बोर्डाचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत पोहोचले आणि १८३१ मध्ये त्यांनी नगरला ठाणे उभारले.

पुढच्या काही दशकांत नगर हे मराठी मुलखातील मिशनरी कामाचे मोठे केंद्र झाले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरमध्येच सुरू झाले. मिस सिंथिया फरार यांनी इथे मुलींच्या शाळा चालवल्या. मुलींची शाळा सुरू करण्यापूर्वी जोतिराव फुले यांनी नगरच्या या शाळा पाहिल्या होत्या. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे प्रशिक्षण फरारबाईंकडे घेतल्याचेही सांगितले जाते.

मिशनचे जाळे राहुरी, वडाळा, शेवगाव अशा भागांत पसरले. जिल्हा कायमचा अवर्षणग्रस्त. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी गावेच्या गावे हलली. मिशनने अनाथालये, उद्योगशाळा आणि मदतकार्य चालवले. या काळात नगरमधील मिशनचे प्रमुख नाव होते डॉ. रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम. त्यांचा जन्म मुंबईचा, १८४७ चा. १८७४ मध्ये ते नगरला आले आणि १९२६ पर्यंत राहिले. दुष्काळातील मदतकार्याबद्दल सरकारने त्यांना ‘कैसर-ए-हिंद’ सुवर्णपदक दिले. त्यांनी नगरला स्थापन केलेल्या धर्मशिक्षण विद्यालयात टिळक शिकवू लागले. १९०४ मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि ते ‘रेव्हरंड’ झाले.

नगर आणि राहुरीत टिळक काय करत होते?

कागदावर त्यांचे काम शिकवणे आणि उपदेश करणे एवढेच होते. पण त्यांचे घर ही एक स्वतंत्र संस्थाच होती. दुष्काळात पोरकी झालेली मुले, गावोगावचे पाहुणे, धडपडणारे कवी असे सगळे तिथे राहत. बालकवी ठोंबरे हे त्यातले सर्वात गाजलेले नाव. १९०७ मध्ये जळगावला झालेल्या कविसंमेलनात हा कोवळा मुलगा पुढे आला आणि नंतर टिळक दाम्पत्याच्या घरात मुलासारखा राहिला.

प्लेगच्या साथीत मिशनच्या शाळेतील आजारी मुलींची शुश्रूषा लक्ष्मीबाईंनी केली. त्यांच्या आठवणींतून त्या वेळच्या नगरचे जे चित्र दिसते, ते कोणत्याही सरकारी अहवालापेक्षा जिवंत आहे.

टिळकांचे दुसरे काम होते उपासनेची भाषा बदलण्याचे. तोवर चर्चमध्ये इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे पाश्चात्य चालींवर गायली जात. कृष्णा रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या मराठी ख्रिस्ती कवींनी देशी चालींची सुरुवात केलीच होती. टिळकांनी ती खूप पुढे नेली. अभंग, भजन आणि कीर्तन या वारकरी परंपरेतल्या प्रकारांत त्यांनी शेकडो रचना केल्या. मराठी चर्चच्या गीतसंग्रहात आजही त्यांच्या रचनांचा वाटा मोठा आहे.

ही केवळ आवडीनिवडीची गोष्ट नव्हती. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो, असे टिळक सांगत. ख्रिस्ती होण्यासाठी मराठीपण सोडावे लागत नाही, हे त्यांना दाखवायचे होते. देशावर प्रेम करणाऱ्या कविताही ते लिहीत राहिले. त्या काळी धर्मांतर म्हणजे देशांतर, असा समज पक्का होता. तो मोडण्यासाठी टिळकांच्या हाती लेखणी हेच साधन होते. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे आले.

मिशनमध्ये मत कोणाला होते?

टिळकांच्या राजीनाम्यामागचे कारण समजून घेण्यासाठी मिशनची रचना समजून घ्यावी लागते.

अमेरिकन मराठी मिशन हे ‘काँग्रिगेशनल’ परंपरेचे होते. या परंपरेत वरून हुकूम देणारा बिशप नसतो. प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र असते. सभासद एकत्र बसतात, चर्चा करतात आणि आपला पाळक निवडतात. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात या मंडळ्यांचा आणि गावसभांच्या लोकशाहीचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. थोडक्यात, नगरमध्ये आलेल्या मिशनऱ्यांच्या सामानात बायबलबरोबर मतदानाची सवयही होती.

यात मोठा अर्थ होता. गावकुसाबाहेरच्या ज्या माणसाला चावडीवर बसायचीही मुभा नव्हती, त्याला चर्चच्या सभेत सभासद म्हणून मत होते. देशातील बहुसंख्य लोकांना कोणत्याही निवडणुकीत मत नव्हते, तेव्हाची ही गोष्ट आहे.

पण या रचनेला दोन मजले होते. खालचा मजला चर्चचा. तिथे सभासदांची सभा होती. वरचा मजला मिशनचा. शाळा, दवाखाने, जमिनी, नेमणुका आणि पगार यांचे निर्णय मुख्यतः अमेरिकन मिशनऱ्यांच्या बैठकीत होत. पैसा बोस्टनहून येई आणि हिशेबही बोस्टनला जाई. म्हणजे पाळक निवडण्याचा अधिकार मंडळीचा, पण त्याचा पगार मिशनच्या पैशातून आला तर अंतिम शब्द कोणाचा, हे उघडच होते.

बोस्टनचा धाक अमेरिकन मिशनऱ्यांनाही होता. १८८० च्या दशकात डॉ. ह्यूम रजेवर मायदेशी गेले असताना त्यांनी केलेल्या भाषणातील धर्ममतांवरून वाद झाला. ख्रिस्ताचा संदेश न ऐकताच मरण पावलेल्यांना मृत्यूनंतर संधी मिळू शकते का, हा वादाचा मुद्दा होता. बोर्डाने त्यांचे भारतात परतणे काही काळ रोखून धरले. अमेरिकन मिशनऱ्याची ही स्थिती, तर भारतीय उपदेशकाची काय असेल, याची कल्पना करता येते.

स्वावलंबी चर्चची कल्पना नवी होती का?

नव्हती. हाच या प्रकरणातला महत्त्वाचा मुद्दा आहे.

अमेरिकन बोर्डाचेच सचिव रूफस अँडरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हे सूत्र मांडले होते. स्थानिक चर्चने आपला कारभार स्वतः करावा, आपला खर्च स्वतः उचलावा आणि प्रसारही स्वतः करावा. मिशनने काम उभे करून बाजूला व्हावे. अँडरसन १८५४-५५ मध्ये भारताच्या दौऱ्यावर आले, तेव्हा नगरलाही येऊन गेले.

म्हणजे टिळक जे मागत होते ते मिशनने तत्त्व म्हणून आधीच मान्य केलेले होते. साठ वर्षांनंतरही ते पूर्णपणे अमलात आले नव्हते, एवढेच.

उशिराची कारणेही खरी होती. जिल्ह्यातील बहुतेक ख्रिस्ती कुटुंबे भूमिहीन आणि अत्यंत गरीब होती. दुष्काळात त्यांनाच मदत लागायची. अशा मंडळीने पाळकाचा पगार कुठून द्यायचा? शाळा आणि दवाखाने कोणी चालवायचे? अमेरिकेतल्या देणगीदारांचा पैसा जबाबदारीने खर्च झाला पाहिजे, हा मिशनऱ्यांचा युक्तिवाद चुकीचा म्हणता येत नाही. पण त्याचा परिणाम असा झाला की खर्च उचलता येत नाही म्हणून अधिकार नाही आणि अधिकार नाही म्हणून जबाबदारीची सवय नाही. हे चक्र तुटत नव्हते.

देशात तेव्हा काय चालले होते?

टिळकांच्या बाप्तिस्म्यापासून राजीनाम्यापर्यंतच्या २२ वर्षांत देशाचे राजकारण पार बदलले. १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीची चळवळ पेटली. १९०८ मध्ये लोकमान्यांना राजद्रोहाखाली मंडालेला पाठवले गेले. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी कायदेमंडळांत निवडून आलेल्यांची संख्या वाढली, पण मताधिकार मूठभरांनाच राहिला.

ख्रिस्ती समाजही याला अपवाद नव्हता. १९०५ च्या नाताळात बंगालमधील श्रीरामपूर येथे ‘नॅशनल मिशनरी सोसायटी’ स्थापन झाली. माणसे भारतीय, पैसा भारतीय आणि व्यवस्थापनही भारतीय, असे तिचे धोरण होते. १९१० मध्ये एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरिया या तरुण भारतीय पाळकाने पाश्चात्य मिशनऱ्यांना स्पष्ट सुनावले. तुम्ही त्याग पुष्कळ केला, पण आम्हाला बरोबरीची मैत्री दिली नाही, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. १९१२ मध्ये हेच अझरिया अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले.

नगरचा या घडामोडींशी थेट संबंध आला तो १९१६ मध्ये. होमरूल लीगची स्थापना केल्यावर लोकमान्यांनी ३१ मे आणि १ जून १९१६ रोजी नगरमध्ये भाषणे केली. परका कोण, हा त्यातला गाजलेला मुद्दा होता. परकेपणा धर्मावरून किंवा कातडीच्या रंगावरून ठरत नाही, तो हितसंबंधांवरून ठरतो, अशी मांडणी त्यांनी केली. जो या देशाच्या लोकांचे हित पाहतो तो परका नाही. बेळगाव आणि नगरच्या भाषणांवरून सरकारने त्यांच्याकडून २० हजार रुपयांचा जामीनमुचलका मागितला. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. लोकमान्यांची बाजू मांडणारे वकील होते बॅरिस्टर महंमद अली जिना.

लोकमान्यांची ही कसोटी राज्यकर्त्यांसाठी होती. पण ती नगरच्या मिशनलाही लागू पडत होती. परदेशातून आलेला, पण इथल्या लोकांसाठी राबणारा माणूस परका नव्हे. मात्र कारभार त्याच्याच हातात कायम राहिला, तर चांगली संस्थाही परकीच वाटत राहते.

‘देवाचा दरबार’ काय होता?

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी आणि नियमित पगार सोडला. डॉ. ह्यूम यांच्यासारखे अनेक मिशनरी त्यांचे स्नेही होते आणि ते संबंध कटू झाले नाहीत. टिळकांनी चर्चही सोडले नाही. ‘ज्ञानोदय’चे कामही चालू राहिले. सोडले ते फक्त नोकरीचे नाते.

ते साताऱ्याला गेले आणि तिथे आश्रमाच्या धर्तीवर काम सुरू केले. त्यांच्या नव्या बंधुसंघाचे नाव ‘देवाचा दरबार’. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त येऊ शकत होते. जात, पंथ किंवा चर्चचे सभासदत्व ही अट नव्हती.

या योजनेमागचा हिशेब साधा होता. पगार घेतला की पगार देणाऱ्याचे ऐकावे लागते. म्हणून पगारच नको. वारकरी कीर्तनकार किंवा संन्यासी जसा लोकांच्या आधारावर जगतो, तसे उपदेशकाने जगावे. उपासना झाडाखाली होऊ शकते, भजनाला टाळ-मृदंग पुरतात. खर्च कमी झाला की परदेशी पैशाची गरज कमी होते आणि ती कमी झाली की कारभार आपोआप आपल्या हाती येतो. मिशनला साठ वर्षांत जे चक्र तोडता आले नव्हते, ते टिळक खर्चाच्या बाजूने तोडू पाहत होते.

यावर टीकाही झाली. बाप्तिस्मा न घेतलेल्यांना बरोबर घेणे अनेक ख्रिस्ती लोकांना मान्य नव्हते. दुसरीकडे, काही हिंदूंना हा धर्मप्रसाराचाच नवा मार्ग वाटला. तिसरी अडचण व्यवहाराची होती. भजनाला पैसा लागत नाही हे खरे, पण शाळा आणि दवाखान्याला लागतो. त्याचे उत्तर ‘देवाच्या दरबारा’कडे नव्हते.

प्रयोगाला वेळही मिळाला नाही. जेमतेम दीड-दोन वर्षांत टिळकांची प्रकृती ढासळली. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. ख्रिस्ती प्रथेप्रमाणे दफन न करता त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे दहन करण्यात आले. त्यांची रक्षा नगरला नेण्यात आली. ज्या ‘माँटेग्यू-चेम्सफर्ड’ सुधारणांचे आश्वासन १९१७ मध्ये मिळाले होते, त्यांचा कायदा त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये झाला.

या स्वराज्यात घराचे स्थान काय होते?

टिळकांच्या आयुष्यातली एक विसंगती नजरेआड करता येत नाही. संस्थेचे निर्णय सर्वांना विचारून व्हावेत, असे सांगणारा हा माणूस घरातले मोठे निर्णय एकट्याने घेत असे. बाप्तिस्म्याचा निर्णय त्यांचा, नोकऱ्या सोडण्याचाही त्यांचाच. हातातला पैसा गरजूला देऊन टाकायचा आणि मग घर कसे चालवायचे हे लक्ष्मीबाईंनी बघायचे, असा हा संसार होता.

हे आपल्याला कळते ते लक्ष्मीबाईंमुळेच. औपचारिक शाळा न शिकलेल्या लक्ष्मीबाईंना लिहिण्यावाचण्याची गोडी टिळकांनी लावली, हेही तितकेच खरे. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी पतीचा मोठेपणा आणि हट्टीपणा दोन्ही हसतखेळत, पण नेमके मांडले. टिळकांच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचा मोठा भाग त्यांनीच लिहिला. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांची यादी आजही या पुस्तकाशिवाय पूर्ण होत नाही.

टिळकांनंतर ही वाट कुठे गेली?

नगरमध्ये काम करणारे इंग्रज मिशनरी जॅक विन्स्लो यांच्यावर टिळकांचा प्रभाव होता. १९२३ मध्ये त्यांनी टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. त्याआधी, १९२२ मध्ये नगर परिसरातच त्यांनी ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला. भारतीय आणि युरोपीय यांनी एकाच घरात, एकाच पंक्तीत, बरोबरीने राहायचे, हे त्याचे सूत्र. पुढे संघ पुण्याला गेला. तिथे १९२७ मध्ये व्हेरियर एल्विन हा ऑक्सफर्डचा तरुण दाखल झाला.

एल्विन गांधीजींच्या संपर्कात आले. १९३१ मध्ये विन्स्लो आणि एल्विन यांनी मिळून भारतीय स्वातंत्र्याची बाजू मांडणारे पुस्तक लिहिले. नंतर शामराव हिवाळे या मराठी मित्राबरोबर एल्विन मंडला भागातील गोंडांमध्ये राहायला गेले आणि मिशनरीपण मागे सोडून मानववंशशास्त्रज्ञ झाले. १९५४ मध्ये त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. पंडित नेहरूंच्या काळात आजच्या अरुणाचल प्रदेशातील आदिवासी धोरणासाठी ते सरकारचे सल्लागार होते. नव्या लोकशाहीत सेवा करायला आलेला परदेशी माणूस तिचा नागरिक कसा होतो, याचे हे ठळक उदाहरण.

संस्थात्मक बदल मात्र संथ गतीने झाले. १९२४ मध्ये वेगवेगळ्या मिशनच्या चर्चनी एकत्र येऊन ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ स्थापन केले. नगरच्या अमेरिकन मिशनशी जोडलेल्या मंडळ्याही त्यात आल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले आणि हे चर्च त्यात विलीन झाले. टिळकांच्या निधनानंतर अर्धे शतक लोटले होते.

आज हा विषय महत्त्वाचा का?

भारतीय राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने प्रत्येकाला विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व प्रसाराचा हक्क दिला. २६ व्या कलमाने प्रत्येक धर्मसंप्रदायाला आपल्या धर्मविषयक बाबींचा कारभार स्वतः पाहण्याचा हक्क दिला. दोन्ही हक्क सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहेत. टिळक ज्या स्वयंशासनासाठी मिशनमध्ये झगडले, त्याला १९५० मध्ये घटनात्मक आधार मिळाला.

परदेशी पैसा आणि निर्णयाचा अधिकार हा प्रश्न मात्र संपला नाही. १९५६ मध्ये मध्य प्रदेशात न्या. नियोगी समितीच्या अहवालाने मिशनरी कामावर आणि परदेशी निधीवर कठोर टीका केली. ख्रिस्ती संस्थांनी त्या निष्कर्षांना विरोध केला. १९७६ मध्ये परदेशी देणग्यांचे नियमन करणारा कायदा आला. त्याच्या जागी २०१० चा कायदा आला. हे कायदे केवळ धार्मिक संस्थांना नव्हे, तर सर्वच स्वयंसेवी संस्थांना लागू होतात. आजही या विषयावर दोन टोकांची मते ऐकू येतात.

टिळकांची भूमिका या दोन्ही टोकांत बसत नाही. धर्म बदलण्याचा आपला हक्क त्यांनी सोडला नाही आणि त्यासाठी घर, नातीगोती पणाला लावली. त्याच वेळी, परदेशी पैशावर चालणारी संस्था लोकांची होऊ शकत नाही, हे त्यांनी सरकारने सांगण्याची वाट पाहिली नाही. ते स्वतःच्या संस्थेत राहून बोलले आणि शेवटी पगार सोडून त्यांनी ते कृतीत आणले.

स्वतःच्या पायावर उभे राहणे आणि शाळा-दवाखान्यांसारखी मोठी कामे चालवणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा साधायच्या, हा प्रश्न त्यांना सुटला नाही. तो आज केवळ चर्चपुरता राहिलेला नाही. बाहेरच्या देणगीवर चालणारी गावातली शाळा असो, पाणलोटाचे काम असो किंवा महिला बचत गटांचा संघ, जिल्ह्यातल्या प्रत्येक संस्थेला एका टप्प्यावर हिशेब करावाच लागतो. पैसा कोणाचा आहे आणि सभेत हात वर करण्याचा अधिकार कोणाला आहे?